सुखदेवनं आणलेली पानं

काडेपेटी, पावडरचा रिकामा डबा, लग्नपत्रिकेचं पाकीट, एकदा तर चष्म्याचं घर. लोक आमच्याकडे किडे कशात घालून आणतील याचा नेम नसे. पाकिटातून आलेले किडे पोस्टाच्या शिक्क्याखाली पार चपटे झालेले असत. "जिवंत पाहिजे का मेलेला?" असं कोणी विचारलं की मी सांगायची, मेलेला चालेल, पण पंख शाबूत पाहिजेत. पंख गेले की आमच्या दृष्टीनं त्या किड्याचा चेहराच गेला.

नागपूरच्या एका सरकारी कीटक प्रयोगशाळेत मी साठीच्या दशकाच्या अखेरीस लागले आणि केस पिकल्यावर बाहेर पडले. पद होतं प्रयोगशाळा सहायक. आमच्या इंदोरा वस्तीतल्या बायका विचारायच्या, "रामटेके बाई, तुम्ही हाफिसात करता तरी काय वं?" मी म्हणायची, "किडे ओळखते." त्यांना ते थट्टेचं वाटे. माझे वडील गिरणीत होते. त्यांना मात्र माझ्या कामाचा फार अभिमान होता. घरी कोणी आलं की ते सांगत, "आमची पोरगी मायक्रोस्कोपवर बसते." जणू ते एखादं वाहन असावं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. सिव्हिल लाइन्समधले एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या क्रोटनच्या पानांवर पांढरा कापूस धरायचा. दर सोमवारी पान घेऊन हजर. शेजारच्या बंगल्यातले लोक मुद्दाम भिंतीवरून किडे सोडतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तसं लेखी प्रमाणपत्र त्यांना आमच्याकडून हवं होतं. किडा कोणाच्या घरचा आहे हे भिंगातून दिसत नाही, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. सीताबर्डीच्या एक व्यापारीणबाई गच्चीवरच्या मोगऱ्याची पानं घेऊन आल्या होत्या. चातुर्मास चालू होता. किडे गेले पाहिजेत, पण मरता कामा नयेत, अशी त्यांची अट. मी त्यांना सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं पानं धुवायला सांगितलं. महिनाभरानं त्या पेढे घेऊन आल्या. असे दिवसही होते.

आमचं काम थोडं समजावून सांगायला पाहिजे. बाहेरच्या माणसाला वाटतं, किडा बघितला की नाव सांगायचं, त्यात काय मोठं. पण मोहरीच्या दाण्याहून लहान, पंख असलेला जीव पानावर बसला असेल तर नुसत्या डोळ्याला तो धुळीच्या कणासारखाच दिसतो. त्याला काचेच्या नळीनं अलगद ओढून घ्यायचं. नळीच्या एका टोकाला आपलं तोंड, मध्ये जाळी, नाहीतर तो पोटातच जायचा. मग बाटलीत गुंगवायचा, काचपट्टीवर ठेवायचा, सुईनं पंख पसरायचे आणि मायक्रोस्कोपखाली बसायचं. पंखावर शिरा किती, कडेला केस आहेत का, मिशा सरळ का कोपरात वाकलेल्या, हे सगळं बघून चित्र काढायचं. एवढं झाल्यावर नाव. नावाला इतकं महत्त्व का, तर नावावरून ठरतं की बागेत औषध मारायचं की नाही. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सगळ्यात जास्त पानं संत्र्याची. काटोलकडे संत्र्याच्या बागेला बगीचा म्हणतात. या बगीच्यांवर काळी माशी पडायची. माशी आकारानं अगदी चिमुकली, पंख राखेत लोळवल्यासारखे. ती पानाच्या मागच्या बाजूला अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं जागची हलत नाहीत. काळ्या टिकल्यांसारखी पानाला चिकटून रस पीत बसतात आणि त्यांच्या अंगातून चिकट पाणी गळतं. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. अख्खं झाड चुलीवरच्या भांड्यासारखं काळं पडतं. लोक त्याला कोळशी म्हणतात. कोळशी आली की पान जेवत नाही, फळ गोड होत नाही, आणि तीन-चार वर्षांत झाड बसतं.

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी कोळशीचा जोर होता. सरकारकडून फवारणीची मोहीम निघाली होती. आमचे साहेब वर्षभरापूर्वीच पुण्याकडून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता. आठवड्यातले चार दिवस जीपनं फिरायचे, उरलेले दोन दिवस तक्ते भरायचे. किती गावं झाली, किती बगीचे फवारले, याचे तक्ते दर शनिवारी वर जात. माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती. सात वर्षं मी तात्पुरतीच होते. मला कायम करावं असा प्रस्ताव त्याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटे दोन भाऊ शिकत होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण सांगितलं नाही तर पुढचं खोटं वाटेल.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. पस्तिशीचा, ठेंगणा, अंगात निळा सदरा. हातात पळसाच्या पानांचा पुडा. आत ओलं फडकं आणि फडक्यात संत्र्याची पानं, एकावर एक, पाठीला पाठ लावून. इतक्या निगुतीनं आणलेला नमुना मी तोवर पाहिला नव्हता. एकही पान सुकलं नव्हतं की घासलं नव्हतं.

"बगीचा तुमचा?" मी विचारलं.

"नाही बाई. मी फवारणीवाला होय. सुखदेव राऊत. बळीरामजीच्या बगीच्यातली पानं होय. ते म्हणे, हाफिसातून कागद घेऊन ये, मंग औषध मारू."

पानं काळी होती. मी पावती फाडायला घेतली, तसा तो पुढे झाला.

"बाई, एक सांगू का? मले वाटते, हे सारं आपोआपच मरून राहिलं."

"कशावरून?"

त्यानं एक पान उलटं करून माझ्यासमोर धरलं. त्याच्या बोटांची सालं निघालेली होती, नखं पिवळी. "मी दरसाल पाहतो. माशी बाहेर निघाली का या काळ्या टिकलीची साल उलते. अशी उभी-आडवी फाटते. या टायमाले फाटली नाही. भोक पडून राहिलं. गोल. सुईनं पाडल्यावानी."

मी भिंग घेतलं. माझा विश्वास बसेना. हा फरक मी कॉलेजातून आलेल्या मुलांना चार-चार दिवस शिकवायची, तेव्हा कुठे त्यांना दिसायचा. माशी त्या टिकलीतून, म्हणजे कोषातून, बाहेर पडते तेव्हा तो चिरून जातो. पण दुसराच कोणी आत वाढला असेल, तर तो बाहेर पडताना गोल भोक कुरतडतो. या माणसानं ते नुसत्या डोळ्यानं पाहिलं होतं.

चाळीसेक पानं होती. मी एकेक पालथं करून बघत गेले. जिकडे-तिकडे गोल भोकं. आणि एका पानाच्या शिरेशी एक जीव हळूहळू चालत होता. मी त्याला नळीत ओढला. पंख पसरून काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि एकदा डोळा लावल्यावर मला शंका उरली नाही. मी सुखदेवला स्टुलावर बसवलं.

त्यानं आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. मग त्याला दिसलं.

"अरे बापा!" तो म्हणाला. "हिचे पंख तं काचेचे होय. अन् कडेनं झालर हाय."

"ती माशी नव्हे. गांधीलमाशीच्या कुळातली आहे, पण डंख नाही मारत. काळ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात अंडी घालते. तिचं पिल्लू त्याला आतून खाऊन टाकतं आणि भोक पाडून बाहेर येतं."

"म्हणजे आपल्या बाजूची होय."

"आपल्याच बाजूची."

"अन् औषध मारलं तं?"

"आधी हीच मरेल. काळी माशी पुन्हा येईल, पण ही इतक्या लवकर येणार नाही."

 त्याचा डोळा तसाच भिंगाला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी आपल्याच माणसायले मारत आलो म्हणा."

"तुमचं या वेळचं काम मात्र जाईल," मी म्हटलं.

"जाऊ द्या बाई. हे काम काही चांगलं नोहे. कीड बसते पानाच्या खाली. म्हणजे आपल्याले झाडाखाली उभं राहून वर मारा लागते. जितकं पानाले लागते तितकंच आपल्या अंगावर पडते. रात्री भाकर कडू लागते. डोयापुढं अंधारी येते." हे तो हसत हसत सांगत होता.

काचपट्टीला चिठ्ठी लावायची असते. झाडाचं नाव, गाव, आणि नमुना कोणी गोळा केला त्याचं नाव. मी तिथे त्याचं नाव लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. "कौसल्याले सांगतो," म्हणाला. कौसल्या त्याची बायको. फवारणीत तो नळी धरायचा आणि ती पायपंप मारायची.

मी अहवालाच्या कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलनं लिहिलं: उपकारक कीटक मोठ्या प्रमाणात, फवारणी करू नये. पक्का करण्याआधी साहेबांना दाखवायचा नियम होता. साहेब चार वाजता दौऱ्यावरून आले. बूट चिखलानं भरलेले, हातात शनिवारचे तक्ते. मी पानं आणि फॉर्म पुढे ठेवला.

त्यांनी एक पान उचलून उजेडात धरलं. "हे काळंकुट्ट झालेलं पान, आणि फवारू नका म्हणता?"

"सर, ही जुनी बुरशी आहे. सगळ्या कोषांना गोल भोकं आहेत. मी काच केली आहे. बघता का?"

"पानं किती झाडांची आहेत?"

मी दाराबाहेर जाऊन सुखदेवला विचारलं. बांधाजवळच्या चार-पाच झाडांची, तो म्हणाला.

"चार-पाच झाडांवरून अख्ख्या बगीच्याचं सांगणार तुम्ही?" साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. दमलेला होता. "बाई, उपकारक किडे थोडेफार असतातच. पण उद्या तिथून माशी पसरली आणि शेजारचे बगीचे गेले, तर मला कोण विचारणार? तुम्ही का तुमची ही चिलटं? मोहिमेत सगळ्यांना एकच शिफारस जाते आहे. तीच लिहा."

त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे मला आजही मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. आठ दिवस थांबू, बाकीच्या झाडांची पानं मागवू, मी स्वतः एसटीनं जाऊन आणते. तोंडाशी आलं होतं. साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताला लाल फायली होत्या, त्यांत कुठेतरी माझी होती. मी फॉर्म उचलला, जागेवर आले, रबरानं खोडलं आणि शाईनं लिहिलं: काळी माशी, त्वरित फवारणी करावी. खाली औषधाचं नाव आणि प्रमाण. त्याखाली 'तपासणी करणार' अशी ओळ असते. तिथे माझी सही.

सुखदेव व्हरांड्यात उकिडवा बसला होता. त्याला तिसरीपर्यंतचं वाचता येत होतं. त्यानं बोट फिरवत कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पण बाई, तुम्हीच तं दाखवलं मले."

"साहेबांनी पाहिलं आहे," मी म्हणाले.

"साहेबायनं मशीनमधून पाह्यलं?"

"हो."

हे खोटं होतं. साहेबांनी मायक्रोस्कोपला हातही लावला नव्हता.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि गेला.

चौथ्या दिवशी सकाळी एक पोलीस शिपाई ऑफिसात आला. त्याच्या हातात तोच कागद होता. ओला होऊन वाळलेला, पिवळट, आणि त्याला लसणासारखा उग्र वास येत होता. तो वास मला ओळखीचा होता. मोठ्या दवाखान्यात एक पेशंट आणला आहे, कागदावर तुमच्या ऑफिसचा शिक्का आहे, औषध नेमकं कोणतं ते डॉक्टरांना खात्रीनं पाहिजे, असं तो म्हणाला. साहेब दौऱ्यावर होते. मी शिपायाबरोबर गेले.

काय झालं ते मला तिथे बळीरामजींनी सांगितलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते टोपी हातात घेऊन बसले होते. आदल्या दिवशी सकाळपासून फवारणी चालू होती. वारा पडलेला, नुसता उकाडा. दुपारी नळीचा जोड सुटला आणि औषध सुखदेवच्या छातीवर सांडलं. त्यानं जोड पुन्हा बांधला. सदरा बदलायला घरी जा, असं कौसल्या म्हणाली, पण तीनच ओळी उरल्या होत्या. तो ओल्या सदऱ्यानं मारत राहिला. शेवटच्या ओळीत खाली बसला. तोंडातून लाळ गळायला लागली, घामानं अंग निथळलं, उलट्या झाल्या. बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून ट्रकनं काटोलला, तिथे सुई टोचून पुढे नागपूरला.

"माह्या बगीच्यात आजवर असं झालं नोहतं, बाई," बळीरामजी म्हणाले. "मी तं कागद पाहूनच मारा म्हटलं."

डॉक्टरांना मी औषधाचं नाव सांगितलं. त्यांचा अंदाज बरोबर होता, उतारा चालूच होता. त्यांनी मला खाटेजवळ जाऊ दिलं. सुखदेवचे डोळे उघडे होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दंडाचं, मानेचं मांस कातडीखाली आपोआप फडफडत होतं. त्यानं मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. घशातून घरघर येत होती. खाटेशी एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. ती त्याच्या तोंडावरची लाळ पुसत होती, पुन्हा पुन्हा.

"तुम्ही त्या मशीनवाल्या बाई का?" तिनं विचारलं.

"हो."

ती आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात नर्सनं आम्हाला दोघींनाही बाहेर काढलं. दुपारी दीडच्या सुमारास तो गेला.

चौकशी झाली. वरून एक अधिकारी आले, सज्जन होते, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. साहेबांनी सांगितलं, तपासणी बाईंची आहे. ते खरंच होतं, सही माझी होती. मला विचारलं, शिफारस योग्य होती का? मी म्हणाले, पानांवर कोळशी होती. तेही खरं. मग विचारलं, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधायची सूचना दिली होती का? मी म्हणाले, सूचनापत्रकावर ते छापलेलं असतं. तिन्ही उत्तरं खरी होती, आणि मी त्यांतलं एकही शब्दानं वाढवलं नाही. ती काचपट्टी माझ्या खणात होती, कापसात गुंडाळलेली. मी खण उघडला नाही. मजुरानं स्वतः काळजी घेतली नाही, असा निष्कर्ष निघाला. दिवाळीनंतर माझा कायम झाल्याचा हुकूम आला. वडिलांनी मोहल्ल्यात बुंदी वाटली.

साहेबांची वर्षभरानं बदली झाली. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मायक्रोस्कोपच्या खोळीची नाडी बोटाला गुंडाळत उभे राहिले.

"बाई, त्या काटोलच्या केसमध्ये," ते म्हणाले, "तुम्ही थोडा जोर धरायला पाहिजे होता. मी ऐकलं असतं."

त्यांनी ऐकलं असतं का, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. घरी सायकल चालवत येताना लक्षात आलं, की राग येतो आहे कारण त्यांचं म्हणणं खरं असू शकतं.

पुढच्या नोकरीत मी हट्टी म्हणून बदनाम झाले. न पाहिलेल्या कागदावर सही केली नाही, आणि पाहिलेलं खोडलं नाही. दोन साहेबांशी भांडणं झाली, एकदा माझी बढती अडली. नवीन मुलं म्हणायची, बाई फार कडक आहेत. फवारणी टाळावी असे किती अहवाल मी लिहिले, त्यांचा हिशेब मी ठेवला नाही. त्यानं सुखदेवची भरपाई होते असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटावं म्हणून मी ते केलंही नव्हतं. मला फक्त पुन्हा तसं भेकड व्हायचं नव्हतं.

आता कौसल्याचं सांगते. हे मी आजवर घरातसुद्धा कोणाला सांगितलं नाही.

साहेबांची बदली झाली त्याच हिवाळ्यात मी एका रविवारी काटोलची एसटी धरली. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत गेले. वाटेत बळीरामजींचा बगीचा लागला. लांबूनच काळा दिसत होता. मी बांधाजवळच्या झाडाचं पान उलटं करून बघितलं. जिवंत, जाड, काळी पिल्लं दाटीवाटीनं बसलेली. गोल भोक एकही नाही. मी जे सांगितलं होतं ते तसंच झालं होतं. बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

कौसल्या अंगणात तुरी बडवत होती. मला पाहून तिनं काठी खाली ठेवली, बाज ओढली, पाणी आणून दिलं. कशाला आल्या, असं विचारलं नाही. मी रस्ताभर घोकून आलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. तो किडा पिकाच्या बाजूचा होता. फवारणीची गरज नव्हती. मला ते माहीत होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून मी उलटं लिहिलं. माझी नोकरी पक्की व्हायची होती. चौकशीतही मी गप्प राहिले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मांडीवर तुरीच्या शेंगा घेऊन ती एकेक सोलत होती.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

मी हातातला पाण्याचा पेला बाजेखाली ठेवला.

"नागपूरहून आले त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. भाकर खाता खाता. बाईनं मशीनमधून दाखवलं म्हणे, काचेचे पंख, आपल्या बाजूचं पाखरू होय. माहं नाव लिवलं म्हणे काचेवर. लय खूश होते. मी म्हटलं, मंग औषध मारता काहून? तं म्हणे, कागदावर मारा असं लिवलं हाय. खाली बाईची सही हाय." तिनं हातातली शेंग टोपल्यात टाकली. "मी म्हटलं, तुमच्या डोयानं तुम्ही पाह्यलं ना? तं म्हणे, पाह्यलं. पण बाई शिकलेल्या हायेत. सही केली म्हणजे त्यायले मागून दुसरं काही दिसलं असन. आपल्याले काय समजते."

अंगणात कोंबड्या तुरीचा भुसा उकरत होत्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

"तेच विचारायचं होतं मले दवाखान्यात," ती म्हणाली. "दुसरं काही दिसलं होतं का तुम्हाले मागून?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पुढची शेंग घेऊन सोलली. मी पर्समध्ये थोडे पैसे आणले होते, ते काढायची हिंमत झाली नाही. मग तिनं ऊन कुठवर गेलं ते पाहिलं.

"चारची गाडी हाय फाट्यावरून," ती म्हणाली. "आता निघाल्या तं भेटन. त्याच्या मागची काही नेमाची नसते."

मी उठले. ती उठली नाही. मी कुंपणापाशी पोचले तेव्हा मागे तुरीवर काठी पडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.